पायाच्या चिखल्या: ओळख, औषध आणि पाय कोरडा ठेवण्याची रीत

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाताने फाकवून उजेडात बघा. बेचक्यातली कातडी पांढरी, ओलसर, फुगल्यासारखी दिसते का? कडेने पापुद्रा सुटलाय आणि खाली लालभडक ओली कातडी आहे का? बूट-मोजे काढल्याबरोबर तिथे खाज सुटते का? असं असेल तर त्या चिखल्या. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांना हमखास होतात म्हणून हे नाव पडलं. पण चिखल नुसती ओल पुरवतो. कातडी खाते ती बुरशी. म्हणूनच ज्याने वर्षानुवर्षं शेतात पाऊल टाकलेलं नाही, त्या बसचालकाला, बंदोबस्तावरच्या पोलिसाला, सेफ्टी शूज घालून पाळी भरणाऱ्या कामगारालाही चिखल्या होतात. त्यांच्या बुटात घामाचाच चिखल झालेला असतो.

चिखल्या पूर्ण बऱ्या होतात. तरी दर पावसाळ्यात त्या परत येतात, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: पाय कोरडा होत नाही, आणि मलम अर्ध्यावर सोडलं जातं. पुढचं सगळं मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

कातडीत नेमकं काय चालतं

ट्रायकोफायटन रुब्रम, ट्रायकोफायटन इंटरडिजिटाले आणि एपिडर्मोफायटन फ्लोकोसम ही चिखल्या करणाऱ्या मुख्य बुरशींची नावं. नायटा, म्हणजे गजकर्ण, करणारी हीच जमात. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, नखांत आणि केसांत केरॅटिन नावाचं प्रथिन असतं, ते यांचं अन्न. निरोगी माणसात ही बुरशी त्या थराखाली उतरत नाही. त्यामुळे हा रोग वरवरचा असतो आणि वरून लावायच्या मलमाने बरा होतो.

करंगळीच्याच बेचक्यात सुरुवात का होते? शेवटची दोन बोटं एकमेकांना सगळ्यात घट्ट चिकटलेली असतात. तिथे वारा लागत नाही, पाणी अडून राहतं. भिजलेली कातडी फुगते, तिचे थर सैल होतात आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

बुरशी लागलेल्या कातडीचे बारीक पापुद्रे रोज झडतात. ते न्हाणीघराच्या फरशीवर, पायपुसण्यात, मोज्यांत, चपलेत पडतात आणि त्यांतले बीजाणू काही महिने जिवंत राहतात. घरात एकाला झाल्या की दुसऱ्याला होतात त्या याच वाटेने.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. कातडीचा वरचा थर झडून नवा यायला साधारण महिना लागतो, तळव्याच्या जाड कातडीला त्याहून जास्त. खाज मात्र मलमाने तीन-चार दिवसांत थांबते. खाज थांबली तरी बुरशी थरात बसलेलीच असते, आणि नेमकी तेव्हाच ट्यूब कपाटात जाते.

चिखल्याच आहेत याची खात्री

बेचक्यातल्या चिखल्या ओळखायला सोप्या. पण याच बुरशीची आणखी दोन रूपं आहेत आणि ती बरेचदा ओळखू येत नाहीत. एकात तळवा आणि पायाच्या कडा कोरड्या, जाडसर होतात, रेघांमध्ये पीठ भरल्यासारखा पांढरा कोंडा दिसतो. खाज थोडीच असते किंवा नसतेच. लोक याला टाचेच्या भेगा समजून वर्षानुवर्षं तेल चोळत राहतात. फरक असा की साध्या भेगा टाचेच्या कडेला असतात, आणि बुरशीचा कोंडा जोडा घातल्यासारखा सगळ्या तळव्यावर पसरून कडेपर्यंत चढतो. सोबत एखादं नख पिवळं, जाड, ठिसूळ झालेलं असेल किंवा फक्त एका हाताच्या तळव्यालाही तसाच कोंडा असेल, तर बुरशीचा संशय पक्का धरा. दोन पाय आणि एक हात ही या रोगाची ठरलेली जोडी आहे.

दुसऱ्या रूपात तळव्याच्या पोकळीत पाण्याने भरलेले, खाजरे, खोल फोड येतात. यात कधी कधी हाताच्या बोटांच्या कडेलाही बारीक फोड उठतात. हातावर मात्र बुरशी नसते. पायातल्या बुरशीविरुद्ध शरीराने उठवलेली ती प्रतिक्रिया असते. पाय बरा झाला की हात आपोआप बरा होतो.

आता फसवणाऱ्या गोष्टी. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली, पायाच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्हीच्या आकाराचा पुरळ उठला असेल आणि बेचकी स्वच्छ असतील, तर ती रबराची ॲलर्जी. बुरशीच्या मलमाने ती जाणार नाही, चप्पल बदलावी लागेल. चौथ्या-पाचव्या बोटांमध्ये एकच पांढरा ठिपका असेल, दाबल्यावर दुखत असेल पण खाजत नसेल, तर ते मऊ कुरूप. अरुंद बुटात दोन हाडं एकमेकांवर घासून ते होतं. बेचकं हिरवट दिसत असेल, उग्र वास येत असेल, खाजेपेक्षा आग आणि ठणका जास्त असेल, तर वर जिवाणू चढलेत. तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि असह्य वास हेही जिवाणूंचं काम, त्याला वेगळं औषध लागतं. लहान मुलांत चिखल्या मोठ्यांच्या मानाने कमी होतात. मुलाच्या पायाची पुढची बाजू चकचकीत, लाल, भेगाळलेली असेल तर आधी बूट-मोज्यांचा विचार करा.

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ कडेचा थोडा पापुद्रा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे दिसले की प्रश्न मिटला. ही तपासणी साधी, स्वस्त आणि लवकर होणारी आहे. दोनदा मलम लावूनही फरक पडला नसेल तर तिसरी ट्यूब घेण्याआधी ती करून घ्यावी.

आधी पाय कोरडा

मलम लावण्याआधीची पाच मिनिटं मलमाइतकीच मोलाची आहेत. पाय साध्या साबणाने धुवा, बेचक्यांतून बोट फिरवून फेस पूर्ण निघेल असं पाणी घाला. घासणी, वजरी किंवा दगड बेचक्यात लावू नका. सुटलेला पापुद्रा ओढून काढला तर जिवंत कातडी सोलून निघते आणि जिवाणूंना दार उघडं होतं.

मग पुसणं. पायांसाठी एक वेगळा सुती पंचा ठेवा. त्याचं टोक प्रत्येक बेचक्यात घालून टिपा, घासू नका. आठही बेचकी पुसून झाली की पाय पाच-दहा मिनिटं पंख्यासमोर उघडा ठेवा. सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. पुसलेलं बेचकं हाताला कोरडं लागतं, पण फुगलेल्या कातडीत ओल मुरलेली असते आणि ती वाऱ्यानेच जाते. केस वाळवायचं यंत्र वापरत असाल तर थंड हवेवर ठेवा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर गरम हवा कधीच नको, भाजलेलं कळतसुद्धा नाही.

नमाजाआधी वुजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुतले जातात, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे पाय दिवसभर मोरीत असतात. कितीही वेळा पाय भिजला तरी प्रत्येक वेळी बेचकं टिपणं हाच उपाय. त्यासाठी एक कोरडा रुमाल जवळ असला की पुरे.

जोडवी वापरणाऱ्यांनी मलम सुरू असेपर्यंत ती काढून ठेवावीत. काढायची नसतील तर अंघोळीनंतर रोज ती पुढे सरकवून खालची कातडी आणि जोडव्याची आतली बाजू दोन्ही कोरडी करावी. घट्ट जोडव्याखाली पाणी आणि साबण दोन्ही अडकतं, आणि शेजारची दोन बेचकी कायम ओली राहतात.

रात्री झोपताना दोन बोटांत दुमडलेल्या गॉझची किंवा जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी सैल ठेवली तर बोटं एकमेकांपासून सुटी राहतात. पट्टी ओली झाली की बदला. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू ओल्या कातडीला चिकटतात.

कोणतं मलम, किती आणि किती दिवस

दुकानात डझनभर नावं असतात. ट्यूबवरचं मोठं नाव सोडा आणि खालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. बेचक्यातल्या साध्या चिखल्यांसाठी नेहमीच्या वापरातली औषधं ही.

टर्बिनाफिन 1 टक्का: दिवसातून एकदा किंवा दोनदा, 1 ते 2 आठवडे.

क्लोट्रिमॅझोल 1 टक्का किंवा मायकोनॅझोल 2 टक्के: दिवसातून दोनदा, 4 आठवडे.

ल्युलिकोनॅझोल 1 टक्का: दिवसातून एकदा, 2 आठवडे.

मुदतीत एवढा फरक का, तर टर्बिनाफिन बुरशीला मारतं, आणि क्लोट्रिमॅझोलच्या जातीची औषधं बहुतांशी तिची वाढ रोखतात. वाढ रोखलेली बुरशी कातडी झडेल तशी बाहेर पडते, म्हणून पूर्ण महिना थांबावं लागतं. क्लोट्रिमॅझोल स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचं नाही. रोज दोनदा, चार आठवडे लावलं तर उत्तम काम करतं. गरोदरपणात डॉक्टर बहुधा तेच सुचवतात. आपण किती दिवस नेमाने लावू शकतो याचा विचार करून औषध निवडावं.

किती लावायचं? ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत मलमाची रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. दोन्ही पायांची बेचकी आणि भोवतालची जागा मिळून एका वेळेला एवढं पुरतं. रोज दोनदा म्हणजे रोजचा 1 ग्रॅम. चार आठवड्यांना 28 ग्रॅम. आता ट्यूब बघा: ती बहुधा 15 ग्रॅमची किंवा त्याहून लहान असते. क्लोट्रिमॅझोलचा कोर्स एका ट्यूबमध्ये होतच नाही. ट्यूब संपली म्हणजे औषध संपलं हा हिशोब चुकीचा आहे. सुरुवातीलाच 15 ग्रॅमच्या दोन ट्यूब आणून ठेवाव्यात. सगळ्या तळव्याला लावायचं असेल तर प्रत्येक पायाला दोन रेघा लागतात.

लावताना दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे दोन-तीन सेंटीमीटर लावा, कारण बुरशीची कड दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. एकच बेचकं खाजत असलं तरी आठही बेचक्यांना लावा. हलक्या बोटाने कातडीत जिरेपर्यंत चोळा. बेचक्यात पांढरा थर साचून राहिला तर तो स्वतःच ओल धरतो. जास्त मलमाने लवकर गुण येत नाही. नंतर हात साबणाने धुवा. आणि आधी मोजे, मग अंतर्वस्त्र हा क्रम पाळा. उघड्या पायावरून अंतर्वस्त्र चढवताना बुरशी जांघेत पोचते, आणि जांघेतला नायटा बरा होऊन परत येतो तो बऱ्याच वेळा पायातूनच.

बुरशीनाशक पावडर चिखल्या होऊ नयेत म्हणून चांगली, झालेल्या बऱ्या करायला एकटी पुरत नाही. ती बूट-मोज्यांत आणि कोरड्या पायावर पातळ भुरभुरवा. ओल्या बेचक्यात टाकलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात आणि त्या कातडीला घासतात.

ज्या ट्यूबपासून लांब राहायचं

औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की बहुधा जी ट्यूब हातात पडते, तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवर, एक-दोन जिवाणूंवर आणि एक स्टिरॉइड. लेबल वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर चिखल्यांसाठी ती ट्यूब स्वतःच्या मनाने लावायची नाही.

स्टिरॉइडने पहिल्याच दिवशी खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? लाली आणि खाज ही शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई बंद पाडतं. बुरशी निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुपटीने उसळते, म्हणून परत ट्यूब. काही आठवड्यांत डागाची ओळखीची कड नाहीशी होते आणि डॉक्टरांनाही रोग ओळखणं अवघड जातं. जांघेत अशी ट्यूब महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होऊन कायमचे पांढरट-लाल पट्टे पडतात. ते जात नाहीत.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव 2020 मध्ये मिळालेली बुरशी भारतात मोठ्या प्रमाणावर सापडते, आणि तिच्यातल्या बऱ्याच जातींवर टर्बिनाफिन चालत नाही. ती मुख्यतः जांघेत आणि अंगावर असते, पायावर कमी. पण स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेबंद वापर तिच्या फैलावाला मदत करतो, असं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आलेत. 2018 साली अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली गेली. तरीही ती सहज मिळतात. तेव्हा दुकानदाराकडे औषधाचं नाव घेऊन मागा: ‘नुसतं क्लोट्रिमॅझोल, मिश्रण नको.’

बेचकं चिघळलं असेल तर

पाणी गळतंय, कातडी सोलली आहे, अशा वेळी मलम टिकत नाही आणि झोंबतंही. आधी ओल आटवावी लागते. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट इथे कामाला येतं. प्रमाण 1 लिटर पाण्याला 0.1 ग्रॅम. 400 मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती 4 लिटर पाण्यात. नुसते खडे मिळाले तर दोन-तीन खडे कपभर पाण्यात पूर्ण विरघळवा, फडक्याने गाळा आणि ते गडद पाणी टबातल्या पाण्यात थोडं थोडं घाला. रंग फिकट गुलाबी झाला की थांबा. जांभळा झाला तर जास्त झालं. न विरघळलेला एक खडाही कातडी जाळतो, म्हणून गाळणं टाळू नका. पाय 10 ते 15 मिनिटं बुडवा, दिवसातून एकदा किंवा दोनदा, टिपून पंख्याखाली वाळवा. तीन-चार दिवसांत गळणं थांबलं की हे बंद करून मलम सुरू करा. नखं आणि टब तपकिरी होतील, तो डाग काही दिवसांनी जातो. खडे मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेले तर विष आहेत.

चार दिवसांत गळणं थांबलं नाही किंवा ठणका वाढला, तर प्रतिजैविक लागणार आहे. डॉक्टरांकडे जा.

जाड तळवा आणि नख

तळव्यावर पसरलेल्या कोरड्या बुरशीवर मलम आत पोचत नाही. जाड थर आधी मऊ करावा लागतो. त्यासाठी युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेलं मलम रात्री आणि बुरशीनाशक दिवसा, असं डॉक्टर देतात. बेंझोइक ॲसिड 6 टक्के आणि सॅलिसिलिक ॲसिड 3 टक्के असलेलं व्हिटफिल्ड मलम हा जुना, स्वस्त आणि अजूनही चांगला उपाय आहे. फक्त ते सोललेल्या बेचक्यात फार झोंबतं, अखंड जाड कातडीसाठीच वापरा.

इतक्यावर भागलं नाही किंवा नखात बुरशी असेल तर पोटातून गोळ्या लागतात. पायाच्या कातडीसाठी टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज एक, साधारण 2 ते 6 आठवडे, पायाच्या नखासाठी 12 आठवडे. इट्राकोनॅझोल हा दुसरा पर्याय. या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. यकृताचा आजार असेल तर त्या धोक्याच्या, इट्राकोनॅझोल हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. आम्लपित्ताच्या गोळीबरोबर इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. नख हळू वाढतं, गोळ्या संपल्यावरही स्वच्छ नख पूर्ण यायला वर्षभर लागू शकतं. आणि नखातली बुरशी तशीच राहिली तर बेचकी कितीही वेळा बरी केली तरी तिथून पुन्हा लागण होते.

घरच्या उपायांबद्दल

मेंदी, हळद, कडुलिंब, खोबरेल, आमसुलाचं तेल. यांपैकी आमसुलाचं तेल आणि खोबरेल कोरड्या भेगांना खरंच चांगलं, पण टाचेला. ओल्या बेचक्यात रात्रभर तेल म्हणजे ओल आत कोंडणं. मेंदीने कातडी थोडी कोरडी होते आणि बरं वाटतं, पण चिखल्या त्यावर पूर्ण जात नाहीत. लावणीला जायच्या आधी कोरड्या, न फुटलेल्या बेचक्यांना तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळण्याची रीत योग्य आहे, कारण पाणी कातडीत मुरत नाही. घरी आल्यावर मात्र ते साबणाने धुऊन पाय कोरडा करायचा.

बिब्बा, रॉकेल, चुना, बॅटरीचं पाणी, न मिसळलेलं डेटॉल यांतलं काहीही लावू नका. बिब्बा उतला तर चिखल्या परवडल्या म्हणायची वेळ येते. आख्खा पाय सुजून फोडांनी भरतो आणि रोगावर भाजल्याची जखम होते.

मोजे, बूट, चपला

सुती मोजे रोज धुतलेले. साबणाच्या कोमट पाण्यात बुरशी मरत नाही, त्यासाठी पाणी 60 अंशांच्या आसपास लागतं. यंत्रात तेवढं तापमान ठेवता येतं. बादलीत धुणाऱ्यांनी दोन तांबे उकळतं आणि एक तांब्या साधं पाणी घ्यावं, त्यात मोजे बुडवून झाकण ठेवावं आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्यावं. हात घालू नका, काठीने ढवळा. नायलॉनचे मोजे आकसतील, सुती टिकतात. आषाढ-श्रावणात मोजे वाळतच नाहीत. दमट मोज्यावर गरम इस्त्री फिरवून तो खडखडीत करा, दोन्ही बाजूंनी. दमट मोजा घालण्यापेक्षा सहा जोड घेतलेले परवडतात.

बूट एका दिवसात वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून घाला. घरी आल्यावर आतलं पॅड बाहेर काढा आणि बुटात चुरगळलेलं वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने ओलं झालेलं काढून दुसरं घाला. गमबूट रात्री उलटे टांगा. तसेच उभे ठेवले तर घोट्यापर्यंतची वाफ सकाळपर्यंत आतच राहते. रबरी चपला ब्रशने घासा आणि घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 9 भाग अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवून धुऊन घ्या. ब्लीचमध्ये फरशीचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पायपुसणं दर दोन-तीन दिवसांनी बदला. घरात ज्याला खाज आहे त्या प्रत्येकाचा उपचार एकाच वेळी करा. वसतिगृहात, तालमीत, पोहण्याच्या तलावावर सामायिक न्हाणीघरात स्वतःची चप्पल घालून जा.

फुटलेलं बेचकं आणि साचलेलं पाणी

फुटलेल्या बेचक्यातून दुसरे रोग शिरतात. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो कातडीतल्या भेगांमधूनही आत येतो. मुंबईत रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून चालणारे आणि कोकणात भातशेतीत उभे राहणारे, दोघांनाही हा धोका आहे. चिखल्या फुटलेल्या असतील तर गमबूट घाला. भेगेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, बाहेर आल्यावर लगेच साबणाने पाय धुवा. अशा पाण्यातून जाऊन आल्यावर डॉक्सिसायक्लिन घ्यायचं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत जोराचा दुखावा, डोळे लाल झाले तर पाण्यातून गेल्याचं आठवणीने सांगा.

हत्तीरोगाने पाय सुजलेल्यांची गोष्ट याहून नाजूक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागात हे रुग्ण आहेत. सुजलेल्या पायात थंडीताप भरून येणारे झटके बहुतांशी बेचक्यातल्या भेगांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात आणि प्रत्येक झटक्याने सूज वाढते. त्यांनी रोज पाय धुऊन, प्रत्येक घडी टिपून, बेचक्यात बुरशीनाशक लावलं तर झटके कमी होतात. पायापर्यंत हात पोचत नसेल तर घरातल्या माणसाने हे करून द्यावं.

डॉक्टरांकडे कधी

मधुमेह असेल तर चिखल्या दिसल्या त्याच आठवड्यात, घरगुती प्रयोग न करता. रोज रात्री बेचकी आणि तळवा बघा, खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनीही थांबू नये.

बाकीच्यांनी चार आठवडे नेमाने मलम लावूनही गुण नसेल तर. आणि पावलावरची लाली घोट्याकडे चढू लागली, पाय गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर त्याच दिवशी. लालीच्या कडेला पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवा, ती किती वेगाने सरकते हे डॉक्टरांना नेमकं कळतं.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा. नखाला रंग लावून जाऊ नका. खरवडून तपासणी करायची ठरली असेल तर बुरशीनाशक मलम आधी किती दिवस बंद ठेवायचं ते फोनवर विचारून घ्या. आदल्या रात्री लावलेल्या मलमामुळे बुरशी असूनही तपासणीत दिसत नाही, आणि मग उपचार भलत्याच रोगाचा सुरू होतो.